भुतांच्या पोटातले बिब्बे

छावणी,
शनिवार

प्रिय दीपमाला,

हे 'प्रिय' मार्थाबाईनं घालायला लावलं. मी आपली 'दीपे' म्हणून सुरू करणार होते, तर ती चष्म्यावरून बघत म्हणाली, "बानाबाई, पत्र लिहिताय की शेतातून हाळी घालताय?" तिच्याच टेबलावर बसून लिहायले. माझी शाळा दुसरीपर्यंत, तीही मेंढरं लांब गेली नसतील त्या दिवसांचीच, तेव्हा काना-मात्रा जिथं पडंल तिथं समजून घे. फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटंल. फोनवर मी तुला शिव्याच देते, आणि या वेळी मला दुसरं बोलायचंय. तुझ्या बापाचा निरोप पोचलाय: पुण्याचं काम बास झालं, स्थळ आलंय, आखाड लागायच्या आत घरी ये. फोनवर तू मला नुसतं "बघते आजी" म्हणालीस. तुझं 'बघते' मला कळतं. तू बॅग भरायला घेतली असशील. भर, पण हा कागद वाचून होईपर्यंत तिची चेन लावू नको. तुझी मालकीण एस्तर हिचा माणूस सोमवारी इथून पुण्याला जायलाय, त्याच्या हाती देते.

इकडची खबर म्हणजे पाण्याची. मुकुंदवाडीत टँकर आता आठव्या दिवशी येतो. शेजारची गोजरबाई अजून तशीच, पिपाला साखळी लावून बसती, कुणी पाणी मागितलं की आधी भांडती, मग देती. आपण राहायला आलो तेव्हा खोलीसमोर नुसता खड्डा होता, तिथं सात मजले उभे राहिले. खाली मोठी पाटी लावलीय, तिच्यावर पोहायच्या हौदाचं चित्र. माणसाला प्यायला नाही आणि हे चित्रात पोहायले. चौथ्या मजल्याच्या सळईला माझीच काळी बाहुली लटकलीय. ठेकेदार दर अमावस्येला नवी नेतो. या शहराला मी रोज नावं ठेवते, पण दुष्काळानं मेंढरं नेली तेव्हा या उंच इमारतींना नजर लागायच्या भीतीनंच मला भाकर दिली, तेवढे उपकार मानते.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगते, कारण पुढचं तिथूनच निघतं. देवगाव रंगारीला चारा संपला त्या साली कडूबानं, तुझ्या बापानं, मेंढरं विकून टाकली. मी काळ्या लोकरीचं एक पोतं तेवढं मागं ठेवून घेतलं. तुला चित्रकलेच्या कॉलेजात जागा मिळाली, सोबतीला म्हातारं माणूस पाहिजे म्हणून मला तुझ्याबरोबर मुकुंदवाडीला धाडलं. रिकामं बसायची सवय नाही, म्हणून बाहुल्या करायला लागले. काळं फडकं, लोकरीचे केस, लाल दोऱ्याचं तोंड आणि पोटात एक बिब्बा. माझ्या मायनं असंच शिकवलं. परीट कपड्यावर खूण करतो तोच हा बिब्बा. त्याचं तेल कापडाला लागलं की डाग जन्मात जात नाही, आणि कातडीला लागलं की फोड उठतात. असला कडक जिन्नस पोटात असला की वाईट काही जवळ येत नाही. बिब्बा नसलेली बाहुली म्हणजे नुसती चिंधी, असं मी मानायची. अजून मानते, उगं खोटं कशाला बोलू.

शनिवारी मी छावणीच्या बाजारात बसायची. मार्थाबाई तिथलीच, रिटायर झालेली नर्स. एकदा समोर उभी राहून म्हणाली, "काय हो, ही बाहुली भुताला घाबरवते की गिऱ्हाइकाला?" मी म्हणलं, "तुम्ही अजून उभ्या आहात, म्हणजे गिऱ्हाइकाला तर नाय." तिथून जमलं. मग एक दिवस तिनं तुला-मला घरी नेऊन तो पत्र्याचा डबा उघडला. तिचा बाप गोऱ्या साहेबांच्या मेसमध्ये खानसामा. साहेब लोक गेले तेव्हा सणाच्या सजावटीचा डबा त्याच्याकडं राहिला. पुठ्ठ्याचं काळं मांजर, दोरा ओढला की पाय हलवणारं. नाक-डोळे असलेला चंद्र. खराट्यावर बसलेली म्हातारी. नारिंगी कागदाच्या माळा, कडा पिवळ्या पडलेली कार्डं. हे कोणत्या सणाचं, म्हणून मी विचारलं, तर म्हणे ऑक्टोबरच्या शेवटी त्यांचा भुतांचा सण असतो, पोरं भुतांचं सोंग घेऊन दारोदार गोड मागत फिरतात. म्हणजे गोऱ्यांची सर्वपित्री, मी म्हणलं. आपण कावळ्याला जेवू घालतो, ते पोरांना घालतात. मार्थाबाई खो खो हसली. तू हसली नाहीस. तू त्या मांजराच्या पायाची गाठ कशी मारलीय ते बघत बसली होतीस, चहा गार झाला तरी.

तिची पुण्याची भाची एस्तर असलीच जुन्या धाटणीची, हातानं केलेली सजावट दुकानांना देती, हे तेव्हा कळलं. तिनं तुला काम दिलं. साठ बाहुल्या, भुतं, चेटकिणी आणि मांजरं, वर भोपळ्याची तोंडं आणि माळा. सगळं शंभर वर्षांपूर्वीचं वाटलं पाहिजे आणि कोजागरीच्या सकाळी माल निघाला पाहिजे. नेमका तेव्हाच तुझा बाप येऊन बसला. पीक गेलेलं, तुझं कॉलेज अजून दोन वर्षं बाकी, आणि कन्नड गावचं स्थळ दारात. मी तेव्हा त्याच्याच बाजूची होते. तू विसरली असशील, मी नाही विसरले. पोरगी चित्रं काढून कुणाच्या ताटात भाकर वाढणार आहे, असं मीच म्हणाले होते. तू त्याच्यासमोर उभी राहिलीस. "आबा, हे काम वेळेत गेलं तर पुढचंबी मिळंल, मग मी तुमच्याकडं कायच मागत नाय. नाय गेलं तर तुम्ही म्हणाल तिथं लग्नाला उभी राहते." तो कबूल झाला. पण जाताना मला बोट दाखवून बोलला, "माय, तुझे ते लिंबू-बिब्बे या कामात आणू नको. काय वाकडं झालं तर खोली बंद करून दोघींनाबी गावाकडं नेतो."

त्या साली भोपळा कुठं पिकला होता? मग आपण कागदाचे केले. रद्दी भिजवली, मेथ्या घालून वाटली, तांब्यावर लगदा थापून वाळवला. माझी सासू दुरड्या अशाच करायची. पाणी नाही म्हणून तांदळाच्या धुवणात रद्दी भिजवली. कापड जुनं दिसावं म्हणून तू चहाच्या चोथ्यात उकळायचीस. मला हसू यायचं: नवं फडकं आणायचं आणि त्याला म्हातारं करत बसायचं, आम्ही फुकटात झालो. मी पोटं भरायची, तू तोंडं रंगवायचीस. पण दिवस पितृपंधरवड्याचे होते, दीपे. घरात लग्नाची पोर, आणि भिंतीला टेकून ओळीनं बसवलेली भुतं, सगळ्यांचे पांढरे डोळे तुझ्या अंथरुणाकडं. तू कॉलेजला गेलीस की मी एकेकीच्या पोटात एक बिब्बा शिवायला लागले. साठच्या साठ. तुझा बाप नको म्हणला होता, तुला विचारलं असतं तर तूही नकोच म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही.

दसऱ्याला काम झालं. दुसऱ्या दिवशी खळ वाळावी म्हणून तू सगळ्या बाहुल्या पत्र्यावर मांडल्यास. वर ऑक्टोबरचं ऊन, खाली तापलेला पत्रा. बिब्ब्याला धग लागली की तो तेल सोडतो, हे शेंबड्या पोराला कळतं, आणि जन्म बिब्बे हाताळण्यात गेलेल्या बाईला सुचलं नाही. माझ्या काळ्या बाहुल्या उन्हातच लटकतात, पण काळ्यावर डाग दिसत नाही, आणि त्यांना छातीशी धरून कुणी चालत नाही. तू त्या कवेत घेऊन तीन-चार खेपांत खाली उतरवल्यास. सकाळी तुझे हात कोपरापर्यंत सुजून टम्म, गळ्यावर, हनुवटीवर फोडच फोड. बिब्बा उतला होता. आणि साठही जणींच्या पोटावर रुपयाएवढा काळा डाग, काहींचा तर तोंडापर्यंत चढलेला. मी एक डाग बघितला आणि समजले. तूही समजलीस. तू माझ्याकडं बघितलंस, मग बाहुलीकडं.

त्याच दुपारी तुझा बाप दसऱ्याचं सोनं द्यायला आला. आपट्याची पानं हातात तशीच राहिली. "हे कुणी केलं?" मी तोंड उघडलं होतं. खरं बोलायला का खोटं, ते मला आजही सांगता येणार नाही. तूच आधी बोललीस, "मीच घातले आबा. बिब्ब्याचा काळा रंग जात नाय, म्हणून भुतांना लावून बघत होते." त्याला पटलं. तू काहीबाही रंग करून बघायचीसच. मग काय काय बोलला तो! शिकून अक्कल गेली, स्वतःच्या हाताचं भान नाही, ही सासरी काय संसार करणार. मी खोबरं वाटायला उठले. पाट्याजवळ बसून त्याचा शब्द न् शब्द ऐकला, लेप चांगला बारीक वाटला, आणि गप्प राहिले. माझं नाव निघालं असतं तर त्यानं त्याच मिनिटाला खोलीला कुलूप लावलं असतं. तुझं नाव होतं म्हणून म्हणाला, "कोजागरीपर्यंतचा शब्द दिलाय. निस्तर, नाय तर चल."

पुढचे अडीच दिवस! तू खाटेवर, दोन्ही हातांना लेप लावून बुजगावण्यासारखी हात पसरून बसलेली, आणि मी खाली. साठ पोटं उसवली, बिब्बे काढले, डागाचं कापड कापून रुळांपलीकडच्या पडीत पुरलं. हाताला राख लावली होती, तरी माझी दोन बोटं उतलीच. ते मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आज सांगते. पोटाला नवं कापड कुठलं आणायचं? तुझ्या आज्याचं घोंगडं ट्रंकेत होतं. "नको आजी, ते नको," तू म्हणालीस. मी म्हणलं, त्याला आता कुठं थंडी वाजायली? कापलं. साधी कात्री चालंना, मार्थाबाईनं तिची दवाखान्यातली आणली, आणि चेटकिणींना ते घोंगडं असं शोभलं की जणू अंगावरच विणलंय. गोजरबाईनं नव्या तोंडांचं कापड चहात उकळायला अर्धं पिप पाणी दिलं. टँकर यायला चार दिवस होते, आणि बाई भांडली नाही. तुझं सुजलेलं तोंड बघून भांडायचं विसरली.

वीस-पंचवीस जणींच्या तोंडापर्यंत तेल चढलं होतं. ती तोंडं नव्यानं करायची होती आणि तुझ्या बोटांत कुंचला ठरंना. मला येत नाही, मी म्हणलं. तू म्हणालीस, "आजी, तुला ज्यांचा राग येतो ना, त्यांची तोंडं काढ." बाई गं, मग काय! राशनवाला काढला. अर्धं पाणी रस्त्यावर सांडणारा टँकरवाला काढला. माझी सासू तर तीनदा काढली. तू खाटेवरून सांगायचीस, आजी भुवई चढव, एक दात पाड. मार्थाबाई म्हणायची मांजराची शेपूट उजवीकडं पाहिजे, डब्यातलं बघा. मी म्हणायची तुमच्या डब्यातलं मांजर साहेबाच्या शिस्तीतलं, हे मुकुंदवाडीचं आहे. हसलीस की तुझे फोड ताणायचे, मग रडायचीस, मग परत हसायचीस. इतक्या वर्षांत, दीपे, मी काय रांधलं, किती मेंढरं मोजली, हे सगळ्यांनी विचारलं. राग कुणाचा येतो, हे विचारणारी तू पहिली.

कोजागरीला सकाळी माल गेला. पंधरा दिवसांनी एस्तरचा फोन आला, की वाकड्या तोंडाच्या त्या बाहुल्या दुकानात पहिल्या दिवशीच संपल्या, आणखी मिळतील का. तुझं कॉलेज टिकलं, आपली खोली टिकली, मलाही कुंचला धरायचं वेड लागलं. नाताळच्या वेळी तारे केले, पुठ्ठ्याचे देवदूत केले. माझे देवदूतही रागावलेले दिसायचे, आणि मार्थाबाई म्हणायची, असू द्या, त्यांनाही पाणी मिळत नसेल. चांगली गेली ती दोन वर्षं, तू एस्तरकडं पुण्याला जाईपर्यंत. माझ्या आयुष्यातली चांगली म्हणून मी जी मोजते, त्यांत ती आहेत.

पण ते एक खोटं मागं राहिलं होतं, आणि तुझा बाप ते विसरला नाही. प्रत्येक पाहुण्याला सांगायचा. तुझ्या मावसबहिणीच्या लग्नात भरल्या मांडवात सांगितलं, माझी पोरगी येडी, बिब्बा अंगाला चोळून बसली होती. लोक हसले. तू पंगतीत वाढत होतीस, हातातली बादली खाली ठेवली नाहीस आणि माझ्याकडं एकदाही बघितलं नाहीस. बघितलं असतंस तर मी बोलले असते, असं मी पुष्कळ दिवस मनाला सांगितलं. ते काही खरं नाही.

परवा गुरुवारी तो ज्वारी घेऊन आला. जेवायला वाढलं. पहिला घास घेऊन म्हणाला, "पोरीला निरोप धाडलाय. एक महिना पाहिलं पुणं, बास झालं. जिला घरात बसून सोताचे हात सांभाळता आले नाय, ती परक्या शहरात काय सांभाळणार?" त्याच्याकडं तुला परत बोलवायला दुसरं कारणच नव्हतं, दीपे. एवढं एकच होतं, आणि ते माझं होतं. मी म्हणलं, "कडूबा, बिब्बे मी घातले होते." तो म्हणतो, "कोणते?" त्याला वाटलं आजच्या बाहुल्यांचं बोलायली. मग सगळं सांगितलं. तू नको म्हणला होतास तरी घातले, पोरीनं माझं नाव झाकलं म्हणून तू कुलूप लावलं नाहीस. तो ताटावरून उठला नाही, पण जेवलाही नाही. ताट बाजूला सारून म्हणाला, "माय, मी तिला मांडवात येडी म्हणलो." मग चिडला, चिडायचाच. "म्हातारे, दोन वर्षं तोंडात काय धरून बसली होतीस?" मी म्हणलं, आधी भीती होती, तू खोली बंद करशील म्हणून. पुढं नुसतीच लाज. तो बाहेर जाऊन ओट्यावर बसला. आत आला तेव्हा म्हणाला, "त्या लोकांना मी नाय म्हणून कळवतो. पोरगी कामावर हाय म्हणतो. पण तिला फोन माझ्याच्यानं होत नाय, काय तोंडानं बोलू?" मी म्हणलं, तुझं तू बघ, माझ्या तोंडाचं मला बघायचंय.

म्हणून हा कागद. तुझा बाप फोन करंल, आज नाय तर चार दिवसांनी. उचल, आणि त्याला अडखळू दे, मधी बोलू नको. त्याचं तो म्हणंल. माझं मी म्हणते. फोनवर म्हणाले असते तर तू "जाऊ दे आजी" म्हणाली असतीस, आणि मला हे जाऊ द्यायचं नाही. तू माझ्या चुकीसाठी शिव्या खाल्ल्यास, हसं करून घेतलंस, आणि ते कधी माझ्यासमोर काढलं नाहीस. मी तुझ्या लग्नाच्या बाजूची होते तरी. मी जन्मात कुणाचे आभार मानले नाहीत, आमच्यात तशी रीतच नव्हती. कुणी काही केलं तर आम्ही म्हणायचो, बरं केलंस. तेवढ्यानं हे भागत नाही. तेव्हा माझ्या हातानं लिहून, खाली माझं नाव घालून सांगते, दीपमाला, मी तुझे आभार मानते. बॅगेतले कपडे बाहेर काढ. यायचं नाही. तिथंच राहायचं आणि काम करायचं.

तुझीच,
आजी, बानाबाई